घाट, खाडी आणि तळे

कोकणातील जुन्या व्यापारी गावांच्या जागा नकाशावर पाहिल्या, तर त्यांतील बरीच गावे समुद्रकिनाऱ्यापासून पुष्कळ आत, सह्याद्रीच्या पायथ्याकडे वसलेली आढळतात. वाशिष्ठीकाठचे चिपळूण, जगबुडीकाठचे खेड, अर्जुनेच्या परिसरातील राजापूर आणि सावित्रीकाठचे महाड ही त्यांतील ठळक नावे होत. समुद्राची भरती नदीच्या पात्रातून जिथवर आत चढते, म्हणजेच जिथवर खाडी पोहोचते, तिथवर मालाने भरलेली नाव पाण्याच्याच जोराने येऊ शकते. त्यापुढे पात्र उथळ आणि खडकाळ होते व नावेतला माल बैलाच्या पाठीवर किंवा माणसाच्या डोक्यावर द्यावा लागतो. जिथे वाहन बदलते तिथे माल थांबतो, आणि जिथे माल थांबतो तिथे साठवणीला वखार, मोजदादीला मापारी, देवघेवीला सावकार, रात्रीच्या मुक्कामाला ओसरी आणि आल्यागेल्याला प्यायला पाणी लागते. या गरजांच्या एकत्र येण्यातूनच पेठ उभी राहते.

अशी पेठ परक्या माणसांच्या येण्यावर जगते, आणि म्हणून तिचे मोठेपण तिच्या उलाढालीवरून जसे ठरते, तसेच आलेल्या माणसाला ती काय देते आणि काय नाकारते यावरूनही ठरवावे लागते. महाडला जाणाऱ्या अभ्यासू प्रवाशाला ही दोन्ही मोजमापे एकाच गावात लावून पाहता येतात. रायगडाकडे निघालेले बहुतेक लोक मात्र महाडला वाटेवरचा थांबा समजतात. चहा घेऊन किंवा गाडी बदलून ते पुढे जातात आणि गडाच्या इतिहासाइतकाच खोल इतिहास असलेले गाव मागे टाकतात.

महाडचे स्थान समजून घेण्यासाठी आधी सावित्रीचा मार्ग पाहिला पाहिजे. क्षेत्र महाबळेश्वर येथील पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचा उगम एकत्र मानला जातो. त्यांतील कृष्णा पूर्वेकडे वळून सुमारे १,४०० किलोमीटरचा प्रवास करीत बंगालच्या उपसागराला मिळते, तर सावित्री पश्चिमेचा कडा उतरून शंभर किलोमीटरच्या आसपासच अरबी समुद्र गाठते. समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरहून अधिक उंचीवर निघालेली ही नदी पोलादपूरकडे येईपर्यंत आपली बहुतेक उंची गमावते आणि महाडजवळ तिच्या प्रवाहाला भरती-ओहोटीची लय लागते. रायगडाच्या बाजूने येणारी गांधारी तिला इथेच मिळते. पुढे दासगाव आणि आंबेतवरून वळणे घेत गेलेली खाडी बाणकोटापाशी समुद्रात मिसळते. मुखाच्या उत्तरेला हरिहरेश्वर आणि दक्षिणेला १७५६ साली इंग्रजांकडे गेलेला व त्यांनी फोर्ट व्हिक्टोरिया असे नाव दिलेला बाणकोटचा किल्ला आहे. कोकण किनाऱ्यावर पाय रोवू पाहणाऱ्या इंग्रजांना या मुखाचे महत्त्व इतक्या लवकर कळावे, यावरून आतल्या व्यापाराचाही अंदाज येतो.

खाडीच्या टोकाशी जशी नाव थांबते, तशाच घाटवाटा पायथ्याशी येऊन मिळतात. सह्याद्रीच्या वरच्या पठाराला कोकणात घाटमाथा म्हणतात आणि तिथून खाली उतरणाऱ्या खिंडींना घाट. महाडच्या पाठीशी असे अनेक घाट आहेत. वरंध घाट भोरकडे नेतो. मढे आणि शेवत्या या घाटांच्या पाऊलवाटा वेल्ह्याच्या डोंगरी मुलखाकडे चढतात. पोलादपूरच्या बाजूने पार घाटाची जुनी वाट जावळीच्या खोऱ्यातून वाईकडे जात असे, आणि आजचा आंबेनळी घाटाचा गाडीरस्ता त्याच दिशेने महाबळेश्वरला पोहोचतो. या वाटांच्या माथ्यावर किंवा बगलेवर कावळ्या, मंगळगड, चंद्रगड, प्रतापगड, लिंगाणा असे किल्ले आहेत. घाटातून जाणाऱ्या मालावर जकात, म्हणजे वाहतुकीवरचा कर, वसूल होत असे आणि वाटेच्या सुरक्षिततेची हमी किल्ल्यावरच्या शिबंदीकडून मिळत असे. म्हणून हे किल्ले संरक्षणाची जशी, तशीच व्यापाराचीही साधने होती.

खालून वर जाणाऱ्या मालात मीठ, सुकी मासळी, नारळ आणि समुद्रमार्गे आलेला खजूर असे. वरून खाली येणाऱ्या मालात धान्य, गूळ, कांदा आणि लसूण असे. आणि मधल्या जंगलातून हिरडा उतरत असे, ज्याची तुरट फळे कातडी कमावण्यासाठी आणि रंगकामासाठी दूरवर जात. मोठी गलबते दासगावच्या बंदरापर्यंत येत आणि तिथून पुढे महाडच्या धक्क्यापर्यंत लहान होड्या भरतीचे पाणी साधून माल आणीत. त्यामुळे पेठेचे घड्याळ समुद्राशी जुळलेले होते. भरती सकाळी असो वा मध्यरात्री, माल उतरवणाऱ्या हमालाला तेव्हाच हजर राहावे लागे, आणि घाट चढणाऱ्या बैलांना ऊन वाढण्यापूर्वी निघावे लागे. चंद्राच्या तिथीने चालणारी खाडी आणि सूर्याच्या चढण्याने चालणारा घाट या दोन वेळापत्रकांचा मेळ घालणे हाच महाडच्या व्यापाऱ्याचा खरा व्यवसाय होता.

हा मेळ मराठी सत्तेच्या पुष्कळ आधी जमलेला होता, याची साक्ष गावाच्या वायव्येला अवघ्या काही किलोमीटरवर असलेली गांधारपाले येथील बौद्ध लेणी देतात. महामार्गालगतच्या डोंगरात सुमारे तीस लेणी खोदलेली असून त्यांतील मुख्य खोदकाम इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचे मानले जाते. पायऱ्या चढून मुख्य लेण्यात गेल्यावर सभामंडपाच्या भिंतींना लागून कोरलेले दगडी ओटे, भोवतीच्या लहान खोल्या आणि आतल्या गाभाऱ्यात नंतरच्या काळात कोरलेली बुद्धमूर्ती दिसते. मागे वळून पाहिले, की नदीकाठची सपाट भूमी, शेते आणि त्यापलीकडे महाडचा पसारा एका दृष्टिक्षेपात येतो. भिक्षूंनी ही जागा निवडताना एकांत पाहिला असला, तरी रहदारीपासून ते दूर गेलेले नाहीत; व्यापारी तांड्याला दिसेल आणि भिक्षेला उतरता येईल इतक्याच उंचीवर ते राहिले.

येथील ब्राह्मी लिपीतील प्राकृत शिलालेखात काणभोज विष्णुपालित नावाच्या राजकुमाराच्या दानाची नोंद आहे. लेणे, चैत्यगृह म्हणजे स्तूप असलेले पूजास्थान, ओवऱ्या म्हणजे भिक्षूंच्या निवासाच्या खोल्या, आणि यांच्या जोडीला दोन पोढी, अशी दानाची यादी त्यात येते. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. महाड परिसरातील लेखांमध्ये श्रेष्ठी, म्हणजे श्रीमंत व्यापारी, वर्गातील दात्यांचाही उल्लेख येतो. पाण्याचे टाके खोदून देणे हे निवास खोदून देण्याइतकेच नोंद करण्याजोगे पुण्यकर्म मानले गेले, ही गोष्ट इथे थांबून विचार करण्यासारखी आहे. पावसाळ्यात चार महिने कोसळणारे पाणी कोकणात उन्हाळ्यापर्यंत टिकत नाही. जांभा आणि काळा पाषाण यांच्या उतारावरून ते वाहून जाते आणि फाल्गुनानंतर डोंगरपायथ्याच्या वस्त्यांना टंचाई जाणवू लागते. अशा प्रदेशात वाटेवर साठवलेले पाणी ही व्यापाराची पहिली सोय होती, आणि ती सोय ज्याने दगडात कोरून दिली त्याने आपले नावही दगडात कोरून घेतले.

सतराव्या शतकात महाडच्या भोवतालचा डोंगर इतिहासाच्या मध्यभागी आला. शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये जावळीच्या मोऱ्यांचा मुलूख घेतला, तेव्हा घाटवाटांचा हा सारा पट्टा आणि रायरीचा डोंगर त्यांच्या ताब्यात आला. पुढे त्याच डोंगरावर रायगड उभा राहिला आणि ६ जून १६७४ रोजी तिथे राज्याभिषेक झाला. गडावर राजधानी वसवायची, तर धान्य, मीठ, तेल, कापड आणि इमारतीचे सामान यांचा अखंड पुरवठा लागतो, आणि असा पुरवठा केवळ पायथ्याच्या खेड्यांतून भागत नाही. समुद्राकडून येणारी खाडी आणि घाटावरून येणाऱ्या वाटा जिथे मिळतात, त्या जागेपासून एका दिवसाच्या चालीवर राजधानी असणे, याला लष्करी अर्थाइतकाच आर्थिक अर्थ आहे. रायगडाच्या दुर्गमतेचे वर्णन करताना त्याच्या या सुगमतेकडे सहसा लक्ष दिले जात नाही. शत्रूला अवघड असलेला गड आपल्या पेठेला मात्र जवळ होता.

पेशवाईच्या उत्तरार्धात महाडचे नाव पुन्हा राजकारणात येते, आणि प्रत्येक वेळी त्यामागचे कारण तेच दिसते. १७९६ मध्ये पेशवेपदाच्या वारसाचा प्रश्न चिघळला असता नाना फडणीस पुण्याच्या कारस्थानांपासून दूर राहण्यासाठी महाडला आले आणि इथूनच त्यांनी निरनिराळ्या दरबारांशी वाटाघाटी चालवल्या. १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांच्या व शिंद्यांच्या फौजांचा पराभव केल्यावर दुसरा बाजीराव घाट उतरून महाडला आला आणि पुढे समुद्रमार्गाने वसईला पोहोचला, जिथे त्या वर्षाच्या अखेरच्या दिवशी त्याने इंग्रजांशी तह केला. संकटात सापडलेल्या सत्ताधाऱ्याला पाठीशी डोंगराचा आडोसा आणि पुढे समुद्राची मोकळी वाट हवी असते. महाडला या दोन्ही गोष्टी होत्या. मालाला उपयोगी पडणारी जागा राज्यकर्त्यांनाही उपयोगी पडली, एवढाच त्याचा अर्थ.

आजच्या महाडच्या बाजारपेठेतून चालत गेल्यास या इतिहासाचे अवशेष मोठ्या वास्तूंच्या रूपात भेटत नाहीत, कारण पेठेची वास्तू सतत वापरातली असते आणि वापरातली वास्तू सतत बदलते. तरीही काँक्रीटच्या नव्या इमारतींमध्ये अधूनमधून दगडी जोत्यावरचे, लाकडी खांबांचे आणि कौलारू छपराचे एखादे जुने घर उभे दिसते. अशा घराचा दर्शनी भाग दुकानाचा असतो. रुंदीने कमी पण मागे लांबवर गेलेल्या या घरात दुकानामागे माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि सर्वांत शेवटी विहीर किंवा परसू येते, तर वर माळा असतो, जिथे किमती माल ठेवण्याची पद्धत आहे. जोते रस्त्यापासून दोन-तीन पायऱ्या उंच असते आणि माळ्याकडे जाणारा जिना दुकानातूनच चढतो. ही रचना ज्याने प्रथम केली, त्याला नदीचा स्वभाव ठाऊक होता. पाणी चढू लागले, तर गोणी उचलून वर न्यायला दूर जावे लागू नये, हा विचार त्या जिन्याच्या जागेत दिसतो.

गावाचे ग्रामदैवत वीरेश्वर असून महाशिवरात्रीच्या सुमारास इथे छबिना भरतो. छबिना म्हणजे देवांच्या पालख्यांची रात्रीची मिरवणूक. या उत्सवात भोवतालच्या गावांच्या ग्रामदेवता पालखीतून वीरेश्वराच्या भेटीला येतात. कोकणातील पेठ आणि तिच्या भोवतीची खेडी यांचे नाते केवळ खरेदीविक्रीचे नसते, हे अशा उत्सवांतून कळते. ज्या खेड्यांचा माल पेठेत येतो, त्यांचे देवही पेठेत येतात, आणि पंचक्रोशीला महाड हे आपले गाव वाटते. परंतु याच ठिकाणी एक कठोर प्रश्न उभा राहतो. माल सर्वांचा चालत होता, श्रम सर्वांचे लागत होते. मग गावातील पाणी सर्वांचे होते का?

या प्रश्नाचे स्थान म्हणजे चवदार तळे. पेठेच्या मध्यभागी असलेले हे तळे सुमारे चार ते पाच एकरांचे असून त्याला मुख्यतः पावसाचे आणि काही प्रमाणात झऱ्यांचे पाणी मिळते. भोवती नगरपालिकेचे रस्ते आणि त्यांपलीकडे घरे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाडला नगरपालिका आली आणि तळ्याची देखभाल सार्वजनिक पैशातून होऊ लागली. महाड हे तालुक्याचे ठाणे असल्याने कोर्टकचेरीच्या आणि बाजाराच्या कामासाठी आसपासच्या खेड्यांतील अस्पृश्य मानलेल्या जातींची माणसे इथे सतत येत. त्यांनी लाकूड, गवत आणि कोंबड्या विकल्या तर त्यांचा पैसा चालत असे, पण तहान लागली तर तळ्याच्या पायऱ्या त्यांना बंद होत्या.

याच तालुक्यात या अन्यायाची जाणीव लवकर जागी झाली, हा योगायोग नव्हता. खाडीच्या मुखावर इंग्रजांचे ठाणे लवकर आल्याने या पट्ट्यातील महार समाजातील पुष्कळ माणसे मुंबई इलाख्याच्या लष्करात गेली होती, आणि निवृत्त होऊन परतताना त्यांनी अक्षरओळख आणि आत्मसन्मान बरोबर आणला होता. महाड तालुक्यातील रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे त्यांपैकी एक. १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहिली आणि १८९५ मध्ये महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे हे पुढच्या पिढीतले. शाळकरी वयातच महाडच्या इंग्रजी शाळेचा दरवाजा त्यांना भांडून उघडून घ्यावा लागला होता. पेठेला येणाऱ्या अस्पृश्यांना पाणी मिळावे म्हणून महाडात निघालेले चहाचे दुकान हे या चळवळीच्या बोलण्याचे ठिकाण बनले, ही मोऱ्यांच्या आठवणींतून कळणारी गोष्ट पेठेच्या इतिहासात फार मोलाची आहे. बाजाराने माणसे एकत्र आणली आणि बाजारातच त्यांना आपले दुःख एकच आहे हे कळले.

मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला आणि सरकारी निधीतून चालणारे पाणवठे, विहिरी व धर्मशाळा सर्वांना खुल्या करण्याचे धोरण ठरले. त्याला अनुसरून १९२४ च्या जानेवारीत, सुरेंद्रनाथ टिपणीस नगराध्यक्ष असताना, महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. परंतु कागदावर उघडलेल्या तळ्याकडे जाण्याचे धाडस कोणालाही करता येत नव्हते. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा जमलेल्या हजारो प्रतिनिधींसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. अठराशे वर्षांपूर्वी ज्या गावच्या वेशीबाहेर दात्याने वाटसरूंना लाभणारी टाकी खोदून दिली, त्या गावात पाणी हा विक्रीचा माल झाला होता, आणि तो विकत घेणे भाग पडलेली माणसे त्याच तालुक्यातली होती.

२० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली परिषदेचे प्रतिनिधी चार-चारांच्या रांगांनी, शिस्तीने, महाडच्या रस्त्यांतून चालत तळ्यावर गेले. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले आणि मागोमाग इतरांनी. थोड्याच वेळात हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर लाठ्याकाठ्यांनी हल्ले झाले. काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना प्रतिहल्ल्यापासून आवरून धरले. यानंतर शेण, गोमूत्र, दूध व दही घातलेल्या १०८ घागरी मंत्रोच्चारात ओतून तळ्याची तथाकथित शुद्धी करण्यात आली आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला.

त्या वर्षाच्या डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली, तेव्हा पेठेने आपले दरवाजे अधिक घट्ट केले. व्यापाऱ्यांनी परिषदेला माल न विकण्याचे ठरवल्याने शिधा आधीच जमवून ठेवावा लागला, आणि मंडपाला जागा मिळेना तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. बाबासाहेब या वेळी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले, खाडीतून दासगावच्या बंदरावर उतरले आणि वाट पाहत थांबलेल्या सत्याग्रहींच्या समूहाबरोबर पायी महाडला आले. ज्या वाटेने शतकानुशतके मीठ आणि खजूर आला, त्याच भरतीच्या वाटेने या वेळी समतेची मागणी आली. २५ डिसेंबर १९२७ रोजी गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन झाले. न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम असल्याने तळ्यातून पाणी घेण्याचा कार्यक्रम मात्र तहकूब करण्यात आला.

पुढची दहा वर्षे लढा न्यायालयात चालला. तळ्याचे पाणी आपल्यालाच घेता येते ही अनादी कालापासूनची रूढी आहे, असे स्पृश्य फिर्यादींचे म्हणणे होते. रूढीला कायद्याचे बळ मिळण्यासाठी ती प्राचीन आणि निःसंदिग्ध असल्याचे सिद्ध व्हावे लागते. महाडचे न्यायालय, ठाण्याचे जिल्हा न्यायालय आणि अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालय यांनी अशी रूढी सिद्ध होत नसल्याचा निर्णय दिला. या निर्णयाचे तांत्रिक स्वरूप कोरडे वाटू शकते, पण त्याचा आशय पेठेच्या संदर्भात फार दूरगामी आहे. कोणी काही काळ एखादी गोष्ट अडवून धरली, एवढ्याने ती त्याची होत नाही; जी जागा सर्वांच्या पैशावर उभी आहे, ती सर्वांची असते, आणि ती तशी नाही असे म्हणणाऱ्यावरच ते सिद्ध करण्याची जबाबदारी येते.

या घटनांच्या आधीच पेठेचा जुना आधार ढासळू लागला होता. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि पुढे दख्खनमध्ये लोहमार्ग वाढत गेले, तसा घाटमाथ्याचा माल बैलांच्या पाठीवरून रुळांवर गेला. खाडीत गाळ साचत राहिला, मोटारीचे रस्ते झाले, आणि शेवटी महाडच्या व्यापाराने नदीकडे पाठ करून महामार्गाकडे तोंड वळवले. कोकण रेल्वेही गावातून न जाता काही अंतरावरच्या वीर स्थानकावरून जाते. औद्योगिक वसाहतीने रोजगार दिला, तसे रासायनिक सांडपाण्याचे ओझेही सावित्रीवर टाकले, आणि त्याची किंमत प्रथम खाडीवर जगणाऱ्या मासेमारांनी मोजली.

पाठ फिरवली म्हणून नदी मात्र गावाला विसरत नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; ते पाणी उभ्या उतारावरून काही तासांत खाली येते, आणि त्याच वेळी समुद्राला मोठी भरती असेल तर खाडीचे मुख त्याला वाट देत नाही. डोंगराचे पाणी आणि समुद्राचे पाणी ज्या जागी एकमेकांना अडवतात, नेमक्या त्याच जागी ही पेठ आहे. ज्या कारणाने ती वसली, त्याच कारणाने ती बुडते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाड आणि पोलादपूर यांच्या दरम्यानचा, १९२८ साली बांधलेला सावित्रीवरील पूल पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्यांसह वाहने प्रवाशांनिशी वाहून गेली. २२ जुलै २०२१ रोजी पुराचे पाणी बाजारपेठेत अनेक घरांच्या पहिल्या मजल्यापर्यंत चढले, आणि त्याच दिवशी वरंध घाटाच्या पायथ्याच्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. डोंगर उतारांवरील तोड, पात्रातील गाळ आणि नदीकाठचा भराव या कारणांची चर्चा प्रत्येक पुरानंतर होते. गाळ उपसण्याचे काम हाती घेतले जाते, पण नदीला पसरण्यासाठी जागा सोडण्याची जुन्या घरांच्या रचनेत दिसणारी समज नव्या बांधकामात क्वचितच उतरते.

महाडला आता दरवर्षी दोन वेळा मोठी गर्दी होते. जूनमध्ये राज्याभिषेकदिनासाठी रायगडाकडे जाणारे लोक इथून जातात, आणि २० मार्चला तळ्यावर देशभरातून माणसे येतात. त्या दिवशी तळ्याभोवतीच्या रस्त्यांवर पुस्तकांची दुकाने लागतात आणि दूरच्या खेड्यांतून आलेली कुटुंबे पायऱ्या उतरून पाण्याला हात लावतात. या दोन गर्दींपैकी एकीने फक्त गड पाहावा आणि दुसरीने फक्त तळे, ही विभागणी गावाच्या इतिहासाला न्याय देणारी नाही. रायगडाला राजधानी म्हणून उभे राहण्यासाठी पेठ लागली, पेठेला घाट आणि खाडी लागली, आणि त्याच पेठेत जमलेल्या उपेक्षितांनी सार्वजनिक या कल्पनेला तिचा खरा आशय दिला. गांधारपाल्याची टाकी, बाजारातील उंच जोत्याची घरे, दासगावचे ओसाड पडलेले बंदर आणि चवदार तळे ही सर्व ठिकाणे एकाच फेरीत पाहण्यासारखी आहेत, आणि ती तशी पाहता यावीत म्हणून त्यांच्यामधील जुन्या वाटांची निगा राखली गेली पाहिजे.

अशा फेरीतून जो निष्कर्ष निघतो, तो महाडपुरता मर्यादित नाही. व्यापार वाढला, की माणसांमधील भिंती आपोआप पडतात, असा विश्वास अनेकदा व्यक्त केला जातो. महाडचा अनुभव त्याला दुजोरा देत नाही. इथे दोन हजार वर्षे माल मोकळेपणाने फिरला, तरी माणसाला तळ्यापर्यंतचे काही शेकडो पावलांचे अंतर चालण्यासाठी ठराव, सत्याग्रह, मार आणि दहा वर्षांची कोर्टकचेरी यांतून जावे लागले. बाजार माणसांना एकत्र आणतो, ही त्याची मोठी देणगी आहे; पण एकत्र आलेल्यांना समान करण्याचे काम तो करीत नाही, ते माणसांना जाणीवपूर्वक करावे लागते आणि एकदा केल्यावर राखावेही लागते. तळ्याचे पाणी स्वच्छ ठेवणे, नदीला तिचे पात्र परत देणे आणि पुरात पहिल्यांदा बुडणाऱ्या वस्तीला पहिल्यांदा मदत पोहोचवणे ही आज त्याच कामाची पुढची पायरी आहे, आणि महाडसारख्या पेठेचे मोठेपण यापुढे त्यावरूनच ठरेल.